गंभीर पापाने तारण जाते का: या प्रश्नाचा अभ्यास कसा घ्यावा

बायबल अभ्यासात हा प्रश्न निघाला की दहा मिनिटांत दोन तट पडतात. एक जण ‘माझ्या हातातून कोणी हिसकावून घेणार नाही’ म्हणणारे योहान १०:२८ उघडतो, दुसरा पतितांना परत आणणे अशक्य म्हणणारे इब्री ६:४ काढतो, आणि उरलेला वेळ वचनांवर वचने आपटण्यात जातो. शास्त्र दोघांनाही पाठ असते. अडते ते शब्दांवर. म्हणून बायबलच्या आधी वही उघडा.

आधी तीन शब्द ठरवा

पहिला शब्द ‘तारण’, म्हणजे पापापासून सुटका. प्रेषित पौल तो तिन्ही काळांत वापरतो: इफिसकर २:८ मध्ये तारण झालेले आहे, १ करिंथकर १:१८ मध्ये ते होत आहे, रोमकर ५:९ मध्ये ते व्हायचे आहे. ‘तारण गेले’ म्हणणाऱ्याला यातले नेमके काय गेले ते विचारा.

दुसरा शब्द ‘विश्वासणारा’. म्हणजे बाप्तिस्मा झालेला, नव्याने जन्मलेला, की देवाने शेवटपर्यंत राखण्यासाठी निवडलेला? निम्मे भांडण इथेच दडलेले असते. प्राचीन मंडळीचा आचार्य ऑगस्टिन याने आयुष्याच्या अखेरीस असे मांडले की खऱ्या अर्थाने नवा जन्म मिळालेल्यांपैकीही काहींना टिकून राहण्याचे दान मिळत नाही. निवडलेल्यांना मात्र ते मिळतेच. आज दोन्ही गट त्याचा हवाला देतात आणि अर्धाच देतात.

तिसरा शब्द ‘गंभीर पाप’. याचे वहीत तीन रकाने पाडा: एकदा घडलेले पतन, कळूनसवरून चालू ठेवलेले पाप, आणि खुद्द ख्रिस्तालाच नाकारणे. पुढचे सगळे काम या रकान्यांवर चालते.

वचने रकान्यांत बसवा

एका बैठकीला दीड तास धरा आणि चारच शास्त्रभाग घ्या: योहान १०:२७-२९, रोमकर ८:३१-३९, इब्री ६:४-९ आणि १ करिंथकर ६:९-११. दहा घेतले तर एकही धड वाचून होत नाही. मागचेपुढचे वचन मोठ्याने वाचल्याशिवाय कोणी बोलायचे नाही, एवढा नियम करा.

त्याचा फायदा लगेच दिसतो. योहान १०:२८ मधले, हातातून कोणी हिसकावून घेणार नाही हे अभिवचन २७व्या वचनातल्या मेंढरांना आहे, म्हणजे वाणी ऐकून मागे चालणाऱ्यांना. एक बाजू हे गाळते. दुसरी बाजू इब्री ६ची धास्ती घालते आणि ९वे वचन गाळते. तिथे लेखक आपल्या वाचकांविषयी याहून चांगल्या गोष्टींची खात्री असल्याचे सांगतो.

इब्री ६:४-६ बसते तिसऱ्या रकान्यात. तिथे ख्रिस्ताला पुन्हा वधस्तंभावर खिळणे असे वर्णन आहे, मोहात सापडलेल्या माणसाचे नव्हे. कोणी या चारांबाहेरचे इब्री १०:२६ काढले तर ते जरा कठीण आहे. मूळ ग्रीक क्रियापद चालू क्रिया दाखवते, पाप ‘करत राहिलो’ तर असा रोख आहे, आणि २९व्या वचनात देवाच्या पुत्राला पायदळी तुडवण्याची गोष्ट येते. ते दुसऱ्या आणि तिसऱ्या रकान्याच्या सीमेवर ठेवा. १ करिंथकर ६ दुसऱ्या रकान्यात जाते, पण ११वे वचन सोडू नका: त्या यादीतले काही जण याच मंडळीत धुतले जाऊन बसले होते. मत्तय १२:३१-३२ हे पवित्र आत्म्याच्या कामाला सैतानाचे काम ठरवणाऱ्या परूश्यांना (यहुदी धर्मातला एक कडवा पंथ) उद्देशून आहे. ते व्यभिचार किंवा चोरीच्या पानावर लिहिले जाते, ही वारंवार होणारी चूक.

दावीदाचे प्रकरण प्रत्येक परंपरेपुढे ठेवा

सिद्धांतांची व्याख्याने देण्यापेक्षा हा मार्ग बरा. २ शमुवेल ११ आणि १२ सलग वाचा. आधी दावीद राजाचा उरीयाच्या बायकोशी व्यभिचार, मग उरीयाला लढाईत आघाडीवर धाडून त्याचा घात. जाब विचारायला नाथान संदेष्टा येतो तोवर बाळ जन्मलेले आहे (११:२७), म्हणजे पाप आणि कबुली यांच्यात किमान एका गरोदरपणाइतका काळ गेला. आता प्रश्न असा विचारा: त्या महिन्यांत दावीद देवापुढे कुठे उभा होता?

कॅथलिक उत्तर: पवित्रकारी कृपा, म्हणजे आत्म्यातले देवाचे जीवन, गेली होती. ट्रेंटच्या परिषदेने १५४७ साली स्पष्ट केले की प्रत्येक प्राणघातक पापाने कृपा जाते, विश्वास मात्र त्यासोबत जातोच असे नाही. पाप प्राणघातक ठरायला तीन अटी एकत्र लागतात: बाब गंभीर, पूर्ण जाणीव, आणि जाणूनबुजून दिलेली संमती. एक अट कमी पडली तर ते कृत्य कितीही भयंकर दिसो, त्या अर्थाने प्राणघातक नाही. बाप्तिस्म्याचा ठसा पुसत नाही, म्हणून बाप्तिस्मा पुन्हा होत नाही. परतीची वाट प्रायश्चित्त संस्कारातून, म्हणजे धर्मगुरूपुढे पाप कबूल करण्यातून जाते. दावीद संस्कारांच्या आधीचा आहे हे खरे, पण तत्त्व तपासायला तो पुरतो.

लूथरन उत्तर ऐकून अनेक प्रोटेस्टंट दचकतात. १५३७च्या श्माल्काल्ड कलमांत (लूथरनांचे एक विश्वासपत्र) खुद्द सुधारक मार्टिन लूथरने दावीदाचे नाव घेऊनच लिहिले आहे की असे पाप उघडपणे घडते तेव्हा विश्वास आणि पवित्र आत्मा निघून गेलेले असतात. १५३०ची ऑग्सबर्ग कबुली, हे लूथरनांचे मुख्य विश्वासपत्रही, एकदा नीतिमान ठरलेला माणूस आत्मा गमावूच शकत नाही, हे मत नाकारते. ‘एकदा तारण म्हणजे कायमचे तारण’ हे सगळ्या प्रोटेस्टंटांचे मत आहे असे कोणी म्हणाले तर ही दोन कागदपत्रे पुढे करा.

सुधारित, म्हणजे कॅल्विनवादी परंपरेचे उत्तर डॉर्टच्या परिषदेत (१६१८-१९) मिळते. तिथेही दावीद आणि येशूला नाकारणारा पेत्र यांची नावे आहेत, पण निकाल उलटा. अशा पापांनी माणूस देवाला संतापवतो, मरणाच्या दोषास पात्र होतो, आत्म्याला खिन्न करतो, त्याच्या विश्वासाचे चलनवलन थांबते, कधीकधी देवाच्या कृपेची जाणीवही काही काळ हरपते. तरी देव आपला आत्मा पूर्णपणे काढून घेत नाही. यावरून एक लक्षात ठेवा: ‘टिकून राहणे’ हा कॅल्विनवादी सिद्धांत आहे; ‘हात वर केला, प्रार्थना म्हटली, आता काहीही करा’ हा नाही. ही दोन मते एकाच पिशवीत घालणे हा या चर्चेतला सर्वांत मोठा अन्याय आहे.

कॅल्विनवादी मतावर आक्षेप घेणाऱ्या डच धर्मशास्त्रज्ञ आर्मिनियसच्या अनुयायांनी १६१०च्या निवेदनात हा मुद्दा अजून तपासायला हवा म्हणून मोकळा ठेवला. पुढे त्या परंपरेने पतन शक्य मानले, पण तिच्यात फूट आहे: काहींच्या मते फक्त विश्वास सोडल्यानेच तारण जाते, काहींच्या मते चालू ठेवलेल्या पापानेही. मेथडिस्ट चळवळीचा प्रवर्तक वेस्ली याचे म्हणणे, गेलेला परत येऊ शकतो. अँग्लिकनांच्या ३९ कलमांतले १६वे कलम जपून बोलते: मिळालेल्या कृपेपासून आपण दूर जाऊ शकतो आणि देवाच्या कृपेने पुन्हा उठूही शकतो. ऑर्थोडॉक्स मंडळी तारणाकडे आयुष्यभराच्या उपचारासारखे पाहते, त्यामुळे ‘नेमक्या कुठल्या क्षणी गेले’ हा प्रश्नच तिथे फारसा रुळत नाही.

शेवटी स्तोत्र ५१ वाचा. ११व्या वचनात दावीद आत्मा काढून घेऊ नकोस अशी विनवणी करतो. आत्मा जाऊ शकतो असे मानणारे इथे बोट ठेवतात. १२व्यात तो तारणाचा हर्ष परत मागतो. हर्ष गेला होता, तारण नव्हे, असे सुधारित परंपरा म्हणते. लागून असलेली दोन वचने, त्यावर दोन परंपरा. गटाला इथे दहा मिनिटे शांत बसू द्या.

इतिहास थोडक्यात

डेशियस सम्राटाच्या छळात (२४९-२५१) अनेकांनी जीव वाचवायला मूर्तींपुढे बळी दिले. त्यांना मंडळीत परत घ्यायचे का, यावर रोममध्ये नोवाशियन या धर्मगुरूने ठाम नकार दिला, तर कार्थेजचा बिशप सिप्रियन दीर्घ प्रायश्चित्तानंतर घ्यावे म्हणाला. निकेयाच्या परिषदेने ३२५ साली आठव्या नियमात नोवाशियनच्या लोकांना घातलेली एक अट अशी: पतितांशी सहभागिता मान्य करा. वाद सुरू झाला तेव्हा ‘मंडळी क्षमा करू शकते का’ हा प्रश्न पुढे होता, हे कळले की जुने उतारे भलत्याच कामाला लागत नाहीत.

समोरचा स्वतःविषयी विचारत असेल तर

हा प्रश्न विचारणारा कित्येकदा गटात गप्प बसलेला असतो आणि नंतर एकटा येतो. त्याच्याशी वाद घालायचा नाही. आधी तो कुठल्या रकान्यात आहे ते हळूच समजून घ्या: घडून गेले, अजून चालू आहे, की विश्वासच सुटला?

घडून गेले आणि तो रात्रंदिवस जळतो आहे, तर त्याच्या हाती इब्री ६ देऊ नका. लूक २२:३१-३४ द्या, जिथे पेत्राने नाकारण्याआधीच येशूने त्याच्यासाठी प्रार्थना केलेली आहे. पाप चालू आहे आणि तो निश्चिंत आहे, तर त्याला योहान १० देऊ नका. १ करिंथकर ६:९ द्या. औषध उलटे दिले की पहिला खचतो आणि दुसरा निर्ढावतो. ‘तुझा विश्वास कधी खरा नव्हताच’ हा निकाल १ योहान २:१९ दाखवून देणारे भेटतात. ते वचन मंडळी सोडून गेलेल्यांविषयी आहे. रडत समोर बसलेल्याला ते लागू होत नाही.

तो कॅथलिक असेल तर त्याला धर्मगुरूकडे पाठवा. गंभीर पापांची कबुली वर्षातून किमान एकदा बंधनकारक आहे, पण तोवर थांबायचे कारण नाही, आणि एरवी कबुलीआधी कम्युनियन (प्रभुभोजन) घेऊ नये. धर्मगुरू लगेच भेटत नसेल तर देवाच्या प्रेमापोटी केलेला पूर्ण अनुताप, लवकरात लवकर कबुली देण्याच्या ठाम निश्चयासह, पापक्षमा मिळवून देतो हे त्याला सांगा. इतर परंपरेतला असेल तर पाळकासमोर किंवा भरवशाच्या वडीलधाऱ्यासमोर नाव घेऊन पाप बोलू द्या; ‘काही चुका झाल्या’ यावर सोडू नका.

पापात दुसऱ्या कोणाचे नुकसान झाले असेल तर तेही लगेच हाती घ्या. जक्कयने लुबाडलेल्याच्या चौपट परत करण्याचे बोलून दाखवले (लूक १९:८). पैसे असतील तर रक्कम आणि तारीख कागदावर लिहून घ्या. कोणावर अत्याचार झाला असेल तर पीडिताची सुरक्षितता आधी, आणि कायद्याने कळवणे भाग असेल तिथे कळवायचे; क्षमेची भाषा वापरून ते दडपायचे नाही. नाथानाने दावीदाला क्षमा सांगितली (२ शमुवेल १२:१३) त्याच दमात परिणामही सांगितले, हे गटात वाचताना लोक नेमके गाळतात.