कामावरच्या मृत्यूंचे आकडे वाचताना या चुका टाळा

सगळ्यात कॉमन चूक आधी घेऊ, ती सुटली की निम्मा गोंधळ मिटतो. कुणीतरी चार्ट टाकतं की अमुक कामात इतके लोक गेले आणि खाली लगेच निकाल, म्हणजे हेच सगळ्यात धोक्याचं काम. अहो पण त्या कामात माणसं आहेत किती? अमेरिकेचा २०२२ चा डेटा घ्या. ट्रक आणि डिलिव्हरी ड्रायव्हर मिळून हजाराच्या वर गेले, आणि जंगलात झाडं तोडणारे पन्नासच्या आसपास. नुसती संख्या बघितली तर लाकूडतोडे नजरेतही येत नाहीत, पण दर लाख कामगारांमागे काढलं की ड्रायव्हर ३० च्या घरात, लाकूडतोडे १०० च्या वर, आणि सगळ्या कामगारांचा मिळून दर फक्त ३.७. दोन्ही आकडे खरे आहेत, फक्त ते वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं आहेत. कुठे लक्ष घातलं तर जास्त जीव वाचतील हे बघायचंय तर संख्या घ्या, हे काम करणाऱ्या एका माणसाला किती धोका हे बघायचंय तर रेट, म्हणजे दर लाखामागचा हा आकडा, घ्या.

आणि रेट काढला म्हणजे सुटलो असंही नाही बरं का. खाली भागायला काय घेतलंय ते बघा, माणसं की तास? अमेरिकेत तासांवर रेट काढतात, एक फुलटाइम कामगार म्हणजे आठवड्याला ४० तास आणि वर्षाचे ५० आठवडे, म्हणजे २,००० तास. समजा एक लाख लोक अर्धवेळ काम करतात आणि त्यातले २ गेले. डोकी मोजली तर रेट २, तास मोजले तर ४. म्हणजे ज्या गटात पार्टटाइम जास्त तो गट डोक्यांच्या हिशोबात उगाचच सुरक्षित दिसतो, आणि जे लोक बारा-बारा तास राबतात त्यांचं उलटं होतं. दोन गटांची तुलना करताना एकाचे तास आणि दुसऱ्याची डोकी असं मिसळलेलंही सर्रास दिसतं, तेव्हा टेबलाखालची तळटीप वाचाच, बोअर असते पण वाचा.

गट दिसला की लगेच कारण चिकटवू नका

अमेरिकेत कामावर जीव जाणाऱ्यांत पुरुष ९० टक्क्यांच्या वर. यातून पुरुष बेफिकीर असतात असा निष्कर्ष काढणारे भेटतात. आधी हे बघा की बांधकाम, ट्रक, मासेमारी, जंगलतोड ही कामं करतं कोण. आणि बायका सेफ म्हणून विषय बंद करू नका, त्यांच्या मृत्यूंमध्ये कामाच्या जागी झालेल्या खुनांचा वाटा पुरुषांपेक्षा बराच मोठा असतो, म्हणजे हेल्मेट-हार्नेसवाला उपाय तिथे काही कामाचा नाही.

वयाचंही तसंच. नवीन पोरांना दुखापती जास्त होतात म्हणून मृत्यूही त्यांचेच जास्त असणार असं वाटतं, पण अमेरिकेत मृत्यूंचा रेट सगळ्यात जास्त ६५ च्या पुढच्यांचा आहे. एक तर त्याच उंचीवरून पडलं तरी म्हातारं शरीर सावरत नाही, आणि दुसरं म्हणजे या वयात शेती किंवा ड्रायव्हिंगसारख्या कामात राहिलेले लोक बरेच असतात. यातलं कुठलं कारण किती, हे बघायला एकाच कामातले तरुण आणि वयस्कर शेजारी ठेवावे लागतात.

स्थलांतरित कामगारांवर तर सगळ्यात जास्त घाईचे निष्कर्ष निघतात. २०२२ मध्ये अमेरिकेतल्या हिस्पॅनिक (म्हणजे मूळचे लॅटिन अमेरिकेकडचे) कामगारांचा रेट ४.६ होता, सगळ्यांचा मिळून ३.७, आणि मेलेल्यांत बहुतेक जण परदेशात जन्मलेले. यावर दोन सोपी उत्तरं येतात, एक म्हणजे ते लोकच काळजी घेत नाहीत (माझ्या मते हे नुसतं चूक नाही, आळशीपणाचंही आहे), आणि दुसरं म्हणजे ते बांधकामात जास्त आहेत, बस्स. दुसऱ्यात तथ्य आहे पण तिथेच थांबू नका. एकाच ट्रेडमध्ये, एकाच कामावर फरक उरतो का ते तपासा. उरला तर विचारा की ट्रेनिंग कुठल्या भाषेत झालं, धोका दिसल्यावर काम थांबवायची हिंमत कुणाला आहे, मध्ये सबकॉन्ट्रॅक्टचे किती थर आहेत. आणि हो, नोंद नसलेले कामगार एकूण संख्येत धरलेच नाहीत तर रेट फुगलेला येईल, तेही तपासून घ्या.

देशादेशांची तुलना करताना आणखी एक खड्डा. ब्रिटनच्या मुख्य आकड्यात कामानिमित्त रस्त्यावर झालेले अपघात धरत नाहीत, अमेरिकेत धरतात, आणि तिथे तर सगळ्यात जास्त मृत्यू वाहतुकीतच होतात. दोन्ही आकडे शेजारी ठेवलेत की ब्रिटन आहे त्याहून सुरक्षित दिसणार.

शिवाय हे सगळं फक्त अपघातांचं झालं. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या २०१९ च्या अंदाजानुसार जगात कामामुळे वर्षाला जवळपास ३० लाख लोक मरतात, त्यातले अपघातात साधारण ३.३ लाख, बाकी आजारांनी. अ‍ॅस्बेस्टॉसचा कॅन्सर काम सोडल्यावर तीस-चाळीस वर्षांनीही निघतो, तोवर माणूस कुठल्याच कंपनीच्या हजेरीवर नसतो.

एखाद्याच कंपनीचा किंवा छोट्या गटाचा रेट यंदा दीडपट झाला असं वाचलं तर आधी मूळ संख्या मागा, २ चे ३ झाले तरी दीडपटच होतं. अशा वेळी चार-पाच वर्षं एकत्र करून बघा. आणि कंपनी म्हणाली की आमच्याकडे एकही मृत्यू नाही, तर विचारा की कंत्राटी कामगार कुणाच्या खात्यात मोजले. साइट यांची, मशीन यांचं, पण मृत्यू मनुष्यबळ पुरवणाऱ्या एजन्सीच्या नावावर, असं होत असेल तर कंत्राटदारांचे तास आणि मृत्यू दोन्ही मागून घ्या, नुसते मृत्यू जोडून तास जोडले नाहीत तर तो रेटही चुकीचाच येणार.