लोकप्रशासनाच्या दीर्घोत्तरी पेपरची तयारी कशी करावी?

पीएच.डी.ला नंबर लागला की घरचे पेढे वाटून मोकळे होतात. पुढे कोर्सवर्क आहे आणि त्याची लेखी परीक्षा आहे, हे अनेकांना प्रवेश झाल्यावरच उमगतं. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमावलीप्रमाणे कोर्सवर्क किमान १२ श्रेयांकांचं असतं आणि त्यात ५५ टक्के गुण पडल्याशिवाय संशोधन पुढे नेता येत नाही. नेट-सेट करून आलेल्यांना चार पर्यायांतून एक निवडायची सवय लागलेली असते. इथे पुढ्यात येते कोरी उत्तरपत्रिका.

पहिल्या खेपेला मी या पेपरात गटांगळी खाल्ली. प्रश्न होता, वेबरचा नोकरशाहीचा आदर्श नमुना विकसनशील देशांना कितपत लागू पडतो. वेबर मला तोंडपाठ. साडेसहा पानं लिहिली, वैशिष्ट्यं क्रमाने, खाली रेघा मारून. त्या नादात शेवटचा प्रश्न दीड पानात उरकला. नंतर पेपर दाखवताना सर एवढंच म्हणाले, "तुम्ही वेबर सांगितलात. तो लागू पडतो का, ते कुठंय?" विकसनशील देशांच्या प्रशासनाचा अभ्यास करणाऱ्या रिग्जचं नावसुद्धा माझ्या उत्तरात नव्हतं. दुसऱ्या खेपेला तयारीची पद्धतच बदलली. तीच खाली सांगतो. साधारण आठ आठवडे हाताशी आहेत असं धरून चला.

आधी प्रश्नपत्रिका, मग पुस्तक

सीनिअरकडे नोट्स मागू नका, मागच्या चार-पाच वर्षांच्या प्रश्नपत्रिका मागा. विभागात किंवा ग्रंथालयात त्या मिळतात. सगळे प्रश्न एका वहीत घटकवार उतरवा आणि प्रत्येक प्रश्नातल्या क्रियापदाखाली रेघ मारा. 'स्पष्ट करा' म्हटलं की समजावून सांगायचं. 'तुलना करा' म्हटलं की दोघांना एकाच मुद्द्यावर समोरासमोर उभं करायचं. आधी दोन पानं एकाची आणि मग दोन पानं दुसऱ्याची, ही तुलना नव्हे. 'चिकित्सक परीक्षण करा' किंवा 'मूल्यमापन करा' आलं की तुमचा स्वतःचा निवाडा मागितलेला असतो. आपल्याकडची मुलं या तिन्हींना एकच उत्तर लिहितात आणि गुण जातात ते तिथेच.

भांडणांची वही

सगळ्यात जास्त वेळ द्यायचा तो इथे. बाजारातल्या गाइडमध्ये विचारवंत एकेकटे भेटतात: जन्म, ग्रंथ, सिद्धांत, गुण, दोष. तसं वाचलं की डोक्यात वीस वेगवेगळी गाठोडी तयार होतात. खरं तर हा विषय म्हणजे शंभरेक वर्षं चाललेला वाद आहे. कोणाचं कोणाशी आणि कशावरून वाजलं, हे कळलं की पाठांतर निम्म्यावर येतं.

वहीचं एक पान म्हणजे एक भांडण. पहिलं पान राजकारण आणि प्रशासन यांच्यातल्या सीमेचं. वुड्रो विल्सन यांनी १८८७ च्या लेखात प्रशासन हा राजकारणाच्या धकाधकीपासून वेगळा, स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे असं मांडलं. गुडनाऊ यांनी १९०० मध्ये ती विभागणी पक्की केली. उलट बाजूला ड्वाइट वाल्डो १९४८ मध्ये म्हणतात की कार्यक्षमतेच्या या सगळ्या भाषेतच एक राजकीय विचार दडलेला आहे. पुढे १९६८ च्या मिनोब्रूक परिषदेत तरुण अभ्यासकांनी सामाजिक न्यायाचा प्रश्न थेट प्रशासनाच्या दारात आणून ठेवला. पानाच्या तळाशी एक ओळ स्वतःची: मला कोण पटतं आणि का.

दुसरं पान तत्त्वांचं, म्हणजे कारभार कसा चालवावा याच्या ठरलेल्या नियमांचं. एकीकडे फेयॉल यांची चौदा तत्त्वं आणि गुलिक-उर्विक यांचा १९३७ चा संग्रह, त्यातलंच ते पोस्डकॉर्ब, म्हणजे नियोजनापासून अर्थसंकल्पापर्यंतच्या प्रशासकीय कामांची इंग्रजी आद्याक्षरं. समोर १९४६ मध्ये हर्बर्ट सायमन. त्यांचा आक्षेप गमतीदार आहे. ते म्हणतात, ही तत्त्वं म्हणींसारखी आहेत, प्रत्येकीला तितकीच पटणारी उलटी म्हण सापडते. आपल्याकडचंच बघा. घाटातली पाटी सांगते 'अति घाई संकटात नेई' आणि घरातलं वडीलधारं माणूस सांगतं 'शुभस्य शीघ्रम्'. दोन्ही खरं, मग निर्णय घेणाऱ्याने करायचं काय? एवढं समजलं की सायमन पाठ करावा लागत नाही.

अशी दहा-बारा पानं पुरतात. वेबरसमोर रिग्ज, शास्त्रीय व्यवस्थापनवाल्या टेलरसमोर मानवी संबंधांवर भर देणारे मेयो, विवेकपूर्ण निर्णयाच्या प्रारूपासमोर लिंडब्लॉम यांचं १९५९ चं 'कसंबसं वाट काढत जाणं', १९९१ च्या सुमारास हूड यांनी नाव दिलेलं नव सार्वजनिक व्यवस्थापन (सरकारी कारभारात खासगी क्षेत्राच्या पद्धती) आणि त्यावरची टीका. भारतीय प्रशासनाची पानं वेगळी ठेवा: १९६६ चा आणि २००५ चा प्रशासकीय सुधारणा आयोग, ७३ वी-७४ वी घटनादुरुस्ती, माहिती अधिकार. यात वर्षं आणि तरतुदी चोख हव्यात, भांडण कमी आहे.

आपल्या तालुक्यातला पुरावा

आम्ही तिघं मिळून अभ्यास करायचो. त्यातला एक स्वतः ग्रामसेवक. रोज ग्रामपंचायतीचं दप्तर सांभाळणारा माणूस, पण उत्तरात लिहायचा, 'भारतासारख्या विकसनशील देशात प्रशासनासमोर अनेक आव्हाने आहेत.' विचारलं तर म्हणाला, "त्याचं काय लिहायचं, ते तर रोजचंच हाय." त्या रोजच्यातच त्याचे गुण होते.

अतिवृष्टीनंतरचा पंचनामा घ्या. तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायक मिळून बांधावर जातात. पिकाचं नुकसान ३३ टक्के किंवा त्याहून जास्त असेल तरच मदत मिळते. सोयाबीन पाण्यात उभं आहे. ३१ की ३५, हे तिथं उभं राहून कोण ठरवणार? नियम दिल्ली-मुंबईत झाला, पण शेतकऱ्याच्या दृष्टीने सरकारचा निर्णय त्या बांधावर होतो. मायकेल लिप्स्की यांनी १९८० मध्ये लोकांशी थेट संबंध येणाऱ्या कर्मचाऱ्यांच्या विवेकाधिकाराबद्दल जे मांडलं, ते हेच.

त्याच बांधावर सायमनही भेटतात. कृषी सहायकाचा वरिष्ठ तालुका कृषी अधिकारी, ग्रामसेवकाचा गटविकास अधिकारी, आणि पंचनाम्याचा आदेश येतो तहसीलदारांकडून. आदेशाची एकवाक्यता (प्रत्येकाला एकच वरिष्ठ) धरायची तर विशेषज्ञ गमावतो, विशेषज्ञ धरायचा तर एकवाक्यता जाते. आणि रिग्ज यांचा औपचारिकतावाद, म्हणजे कागदावरचा नियम आणि प्रत्यक्ष व्यवहार यांतली दरी, बघायची असेल तर घरोघर सह्या गोळा करून नोंदवहीत पार पडलेली ग्रामसभा आठवा.

मोठी उदाहरणंही आपल्याकडे भरपूर आहेत. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर ५२ गावं नव्या जागी वसवली गेली, तिथं पुनर्वसन आणि लोकसहभाग दोन्ही तपासता येतं. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आलं, तो समन्वयाचा धडा. प्रादेशिक असमतोलावर प्रश्न आला तर १९५३ चा नागपूर करार, घटनेचं कलम ३७१(२), दांडेकर समिती आणि १९९४ ची वैधानिक विकास मंडळं अशी साखळी तयार ठेवा. १९७२ च्या दुष्काळातून पुढे आलेली रोजगार हमी तर धोरणनिर्मितीच्या कुठल्याही उत्तरात बसते.

पथ्य एकच: एका उत्तरात एक उदाहरण, पण नीट उलगडलेलं. किल्लारी, लातूर, दुष्काळ, तिन्ही एकाच परिच्छेदात कोंबले तर ते भाषण होतं. आणि पदनामं अद्ययावत लिहा. तलाठी आता ग्राम महसूल अधिकारी आहेत. गावात कोणी तसं म्हणत नाही, पण उत्तरपत्रिकेत तसंच लिहा.

घड्याळ लावून लिहा

"समदं पाठ करायलोय, पण लिहायला बसलं की काहीच सुचंना," ही तक्रार प्रत्येक बॅचला असते. त्यावर उपाय म्हणजे लिहिणं. तिसऱ्या आठवड्यापासून दिवसाआड एक उत्तर, पुस्तक मिटून, हाताने. मोबाइलवर टाइप केलेलं धरू नका, बोटांना तीन तासांची सवय लागली पाहिजे.

हिशेब साधा आहे. पेपर तीन तासांचा आणि चार प्रश्न असतील, तर १८० मिनिटांपैकी दहा प्रश्न निवडायला, दहा शेवटी वाचायला, उरलेल्या १६० मध्ये प्रत्येकी चाळीस. चाळीसमधली पहिली पाच मिनिटं मागच्या पानावर सांगाडा: माझं म्हणणं एका ओळीत, त्याला तीन मुद्दे, एक विरोधी मुद्दा, एक उदाहरण. बाकी पस्तीस मिनिटांत साडेचार-पाच पानं होतात. चाळीस झाले की वाक्य पुरं करा आणि पुढचा प्रश्न घ्या. वेबर कितीही लाडका असला तरी.

सुरुवात कशी करायची ते बघा. प्रश्न आहे, 'सायमन यांनी शास्त्रीय तत्त्वांवर केलेल्या टीकेचे चिकित्सक परीक्षण करा.' दहापैकी आठ जण लिहितात: 'हर्बर्ट सायमन हे थोर विचारवंत होते. त्यांचा जन्म १९१६ साली अमेरिकेत झाला.' तपासणाऱ्याला यातून काहीच मिळत नाही. त्याऐवजी:

'सायमन यांचा मुख्य आक्षेप तत्त्वे खोटी आहेत असा नसून ती एकमेकांना छेद देतात असा आहे. हा आक्षेप तर्काच्या पातळीवर टिकतो. मात्र तत्त्वे टाकून देण्याऐवजी ती कोणत्या परिस्थितीत लागू पडतात हे तपासणे अधिक उपयुक्त ठरते, असे प्रस्तुत उत्तरात दाखवले आहे.'

तीन वाक्यांत बाजू कळली. पुढची पानं ती बाजू लढवण्यासाठी. विरोधी मुद्दा मात्र टाळू नका, तो आधी प्रामाणिकपणे मांडा आणि मग उत्तर द्या. 'समारोप' असं शीर्षक देऊन वरचंच पुन्हा लिहिण्यापेक्षा आपला निवाडा कुठल्या अटीवर खरा ठरतो, ते शेवटी लिहा.

लिहिलेली उत्तरं आपापसांत बदलून तपासा. तपासताना एकच गोष्ट बघा: समासात प्रत्येक परिच्छेदाचा मुद्दा चार शब्दांत लिहिता येतो का. जिथं येत नाही, तो परिच्छेद भरताड आहे.

राज्यसेवा मुख्य परीक्षाही २०२५ पासून वर्णनात्मक झाल्याने उत्तरलेखनाचे क्लास गल्लोगल्ली निघालेत. तिथली वेळेची शिस्त घ्या, पण चौकटी-बाण काढायची पद्धत इथे तितकीशी चालत नाही. संशोधकाकडून सलग युक्तिवाद अपेक्षित असतो.

भाषेचं थोडं

मराठीतून लिहिणार असाल तर संज्ञांची एक यादी सुरुवातीलाच पक्की करा आणि सगळ्या पेपरभर तीच वापरा. सायमन यांच्या एकाच संकल्पनेला एका पानावर 'मर्यादित विवेकशीलता' आणि दुसऱ्यावर 'सीमित तर्कसंगतता' असं झालं की वाचणारा गोंधळतो. भाषांतर अवघडलेलं वाटलं तर प्रचलित शब्द ठेवा, रिग्ज यांचा 'प्रिझमॅटिक समाज' असं देवनागरीत लिहिलेलं सगळ्यांना कळतं.

शेवटचा आठवडा

नवं काही वाचू नका. भांडणांची वही रोज एकदा चाळा आणि दोन पूर्ण पेपर सलग तीन तास बसून सोडवा. एखाद्या वर्षाची खात्री नसेल तर पेपरात 'चाळीसच्या दशकात' असं लिहिलेलं चालतं, ठोकून दिलेलं चुकीचं वर्ष चालत नाही.

आणि केंद्र संभाजीनगरला किंवा नांदेडला असेल आणि तुम्ही उदगीर, परतूर, हदगावकडचे असाल, तर आदल्या संध्याकाळीच मुक्कामाला जा. पहाटेच्या एसटीच्या भरवशावर राहू नका. आमचा ग्रामसेवक दोस्त पंधरा मिनिटं उशिरा पोहोचला होता, आणि त्याच्या चौथ्या उत्तरातला पंचनामा बांधावरच राहिला.