बीटलचा क्लच ढिला पडला? आधी टनेलमधली नळी पाहा

जुन्या फोक्सवॅगन बीटलचा क्लच पेडल दाबूनही नीट सुटत नसेल, तर प्रेशर प्लेटला (क्लचची चकती दाबून धरणाऱ्या भागाला) दोष देऊन इंजिन उतरवायची घाई नको. क्लचची केबल मधल्या टनेलमधल्या, म्हणजे गाडीच्या तळाच्या मधोमध असलेल्या पत्र्याच्या पोकळ उंचवट्यातल्या, लोखंडी नळीतून मागे जाते आणि ती नळी आतल्या बाजूला वेल्डिंगने धरलेली असते. वेल्डिंग सुटलं की पेडल दाबताच नळीच हलते. कुणाला तरी पेडल दाबायला सांगा आणि गाडीखालून नळीचं मागचं टोक पाहा. ते पुढे-मागे सरकत असेल तर दुखणं सापडलं.

नळी धड असेल तर नुसतं वेल्डिंग पुरतं. सडली असेल तर बदलाच. टनेलच्या पत्र्याला तीन बाजूंनी काप देऊन झाकणासारखा तो उघडायचा, काम झालं की परत वेल्ड करायचा. पण पेट्रोलची नळीही याच टनेलमधून जाते! टाकी रिकामी करा, नळीतलं पेट्रोल काढून हवा मारा, मागच्या सीटखालची बॅटरी सोडा. वाफ उरली असेल तर ग्राइंडरची एक ठिणगी पुरे. अग्निशामक हाताशी हवाच.

नवी नळी पक्की करण्याआधी त्यातून केबल घालून बघा, अडता कामा नये. मग केबल काढून वेल्डिंग, आणि गार झाल्यावर ग्रीस लावून परत. शेवटी टनेलच्या मागच्या टोकापासून गिअरबॉक्सकडे केबल नेणाऱ्या लवचिक नळीला साधारण 25 ते 45 मिलिमीटर झोल ठेवा. तो वॉशर घालून जुळवतात. पेडलला 10 ते 20 मिलिमीटर मोकळी चाल.