कडाक्याच्या थंडीत गाय विताना
कॅनडाच्या अल्बर्टा प्रांतात फेब्रुवारीत पारा उणे ३० अंशांपर्यंतही उतरतो, तेव्हा वाऱ्याला आडोसा व कोरड्या पेंढ्याचा जाड थर आधीच तयार ठेवावा. गाभण गाईंना वैरण संध्याकाळी घातल्यास दिवसा विणाऱ्या गाईंचे प्रमाण वाढते; जागरण वाचवणारा याहून स्वस्त उपाय नाही. गाय वासराला चाटत नसेल, तर ते गोणपाटाने खसाखसा पुसावे, विशेषतः कानांची टोके, कारण हिमदंश तिथे लवकर होतो. पहिल्या दोन तासांत चीक पाजावा. वासराच्या तोंडात बोट घालून पाहावे. तोंड गार लागले आणि ते चोखत नसेल, तर गुदद्वारात थर्मामीटर लावावा, आणि तापमान ३७ अंशांखाली असल्यास डोके वर धरून त्याला ३८ ते ४० अंशांच्या पाण्यात बसवावे व पूर्ण कोरडे झाल्याशिवाय बाहेर सोडू नये.