बाँल्यू सिनेमावर प्रबंध लिहिणाऱ्यांना

एमएच्या प्रबंधासाठी मी पॅरिसबाहेरच्या वस्त्यांवरचे, म्हणजे बाँल्यूतले, गुन्हेगारीपट घेतले तेव्हा भेटेल तो विचारायचा, "म्हणजे गँगवॉर का?" थोडंफार असतंच. पण खरं भांडण जागेचं असतं. जिना कुणाचा, गच्ची कुणाची, पोलीस आवारात शिरले ते कुणाला विचारून. सिनेमा बघताना तेवढं धरून ठेवा, बाकी आपोआप सुचतं.

सुरुवात मात्यू कासोवित्झच्या 'ला एन'पासून (1995) करा. एक ज्यू, एक अरब, एक कृष्णवर्णीय असे तीन दोस्त, आणि पोलिसाचं हरवलेलं पिस्तूल. पडद्यावर अधूनमधून घड्याळाची वेळ उमटते, ती वहीत टिपत जा. वस्तीत कॅमेरा ऐसपैस फिरतो, पोरं आणि इमारती एकाच चौकटीत स्पष्ट दिसतात. पॅरिसमध्ये पोचल्यावर तिघे कठड्याशी उभे राहतात. ते जेवढे दिसत होते तेवढेच दिसतात, मागचं शहर मात्र सरकतं. तो शॉट थांबवून थांबवून बघा. पुढे परतीची शेवटची गाडी चुकते आणि रात्र अंगावर येते. शेवटची कर्जत चुकलेल्याला यातलं काही समजावून सांगावं लागणार नाही.

मग थोडा इतिहास. 27 ऑक्टोबर 2005 ला क्लिशी-सू-ब्वामध्ये फुटबॉल खेळून परतणारी पोरं पोलिसांना बघून पळाली आणि विजेच्या उपकेंद्रात लपली. दोघं शॉक लागून गेली, तिसरा भाजला. देशभर गाड्या जळाल्या, नोव्हेंबरात आणीबाणी लागली, तीही फ्रान्सने आपल्या वसाहतीत लढलेल्या अल्जीरियाच्या युद्धात केलेल्या 1955 च्या कायद्याखाली. हे साल नजरेतून सुटू देऊ नका. क्लिशी आणि शेजारचं माँफेर्मेय राजधानीपासून हाकेच्या अंतरावर, पण ट्राम आली ती 2019-20 मध्ये.

लाज ली त्याच माँफेर्मेयमध्ये वाढला. त्याच्या 'ले मिझेराब्ल'ला (2019) कान चित्रपट महोत्सवात ज्युरी पारितोषिक मिळालं. सर्कशीतला सिंहाचा छावा चोरीला जातो इथून गोष्ट सुरू होते आणि एका पोराच्या तोंडावर पोलिसाची फ्लॅशबॉल, म्हणजे रबरी, गोळी बसते. गच्चीवरून उडवलेल्या ड्रोनमध्ये ते टिपलं जातं. मग मेमरी कार्डासाठी सगळे धावतात: पोलीस, वस्तीतला 'मेयर' म्हणवणारा दादा, कबाबचं दुकान चालवणारा धार्मिक सालाह. सालाहच्या दुकानातली बोलणी मला सिनेमातल्या अख्ख्या दंगलीपेक्षा भारी वाटतात. कोण कुणाशी कोणत्या आवाजात बोलतो ते ऐका.

जाक ओदियारचा 'दीपन' (2015) आपल्याकडे दुर्लक्षित राहतो. त्याला पाम दोर, म्हणजे कानचा सर्वोच्च पुरस्कार, मिळाला होता. श्रीलंकेतला एक तमिळ लढवय्या खोटं कुटुंब घेऊन येतो आणि ड्रग्जवाल्यांच्या वस्तीत इमारतींची देखभाल करतो. एका टप्प्यावर तो आवारात पांढरी रेघ आखतो, याच्या अलीकडे गोळीबार नाही. 2009 च्या श्रीलंकेतल्या 'नो फायर झोन'बद्दल, म्हणजे युद्धात नागरिकांसाठी जाहीर केलेल्या गोळीबारमुक्त पट्ट्याबद्दल, आधी वाचून मग तो प्रसंग बघा. शेवटची मारामारी मला पटलेली नाही. तिथे सिनेमा सोपा झालाय.

भाषेचं आधीच सांगतो. फ्रेंचची बी-वन ही मधली पातळी झालेली असली तरी पहिला अर्धा तास डोक्यावरून जाईल, कारण पोरं शब्द उलटसुलट करून बोलतात. इंग्रजी सबटायटल्समध्ये ते सपाट होतं. फ्रेंच सबटायटल्स लावा.

तोंडी परीक्षेत मुंबईच्या अंडरवर्ल्ड सिनेमाचा प्रश्न येणार, हे धरूनच चला. मी म्हटलं होतं, आपला भाई पैशाच्या जोरावर शहर ताब्यात घेतो. बाँल्यूतल्या पोरांना शहरात शिरतानाच कागदपत्रं दाखवावी लागतात. परीक्षकांना ते अर्धंच पटलं.

विषय अजून ठरला नसेल तर मुलींकडे वळा. सेलिन सियामाचा 'बाँद द फी' (2014) आणि उदा बेनयामिनाचा 'दिविन' (2016) एकत्र घेऊन मराठीत लिहिलेलं काही माझ्या तरी वाचनात आलेलं नाही.