डब्ल्यूएसएफ फाइल लिहिताय? या चुका टाळा

सांगलीत हळदीच्या अडत दुकानांचे कॉम्प्युटर मी सांभाळतो. दर हंगामाला नवा पोरगा येतो आणि जुनीच चूक करतो: कोड बरोबर, पण फाइलच चालत नाही.

डब्ल्यूएसएफ (विंडोज स्क्रिप्ट फाइल) म्हणजे एक्सएमएलच्या टॅगांत, म्हणजे < > अशा कंसांतल्या खुणांत, बसवलेला व्हीबीस्क्रिप्ट किंवा जेस्क्रिप्ट या विंडोजच्या भाषांतला कोड. वर एक्सएमएलची घोषणा (<?xml नं सुरू होणारी पहिली ओळ) नसेल तर विंडोज सांभाळून घेतं. ती ओळ आली की कडक शिस्त. मग & दिसला की एंटिटी (चिन्हाऐवजी लिहायचा सांकेतिक शब्द) सुरू झाली, < दिसला की टॅग. आणि व्हीबीस्क्रिप्टमध्ये मजकूर जोडायलाच & लागतो!

एका दुकानात रात्री शेतकऱ्यांच्या हिशेबपट्ट्या छापणारी अशी फाइल बिनतक्रार चालायची. तिथल्या पोरानं कुठूनशी ती घोषणा आणून वर डकवली. का, तर ‘प्रोफेशनल दिसतं’. एकदा चालवूनही न बघता गडी घरी गेला. सकाळी सौद्याच्या वेळी पट्टी एक नाही आणि शेतकरी दारात. मी पोचलो तोवर प्रिंटरला शिव्या घालून कार्ट्रिजही बदललं होतं. कमांड प्रॉम्प्टवर सीस्क्रिप्टनं (स्क्रिप्ट चालवणारा विंडोजचा प्रोग्रॅम) फाइल चालवली, ओळीच्या नंबरासकट चूक समोर. सगळा कोड सीडेटात (‘आतलं एक्सएमएल म्हणून वाचू नका’ असं सांगणारं वेष्टण, <![CDATA[ पासून ]]> पर्यंत) गुंडाळला, पट्ट्या सुरू. घोषणा काढूनही भागलं असतं, पण मला कडक वाचणंच आवडतं. माझा नियम: घोषणा आणि सीडेटा जोडीनं, नाहीतर दोन्ही नकोत.

घोषणेच्या आधी रिकामी ओळ, साधी स्पेससुद्धा चालत नाही.

सीडेटात & चं एंटिटी रूप (&amp;) लिहू नका, ते तसंच कोडमध्ये जातं.

जेस्क्रिप्टवाल्यांची वेगळीच गंमत. यादीच्या आत यादी घेऊन लगेच ‘पेक्षा मोठं’ लिहिलं की ]]> तयार होतं आणि सीडेटा तिथंच संपतो. माझा एक अख्खा रविवार यात गेला. तेव्हापासून > च्या आधी स्पेस सोडतोच.

एक्सएमएल कॉमेंटमध्ये -- चालत नाही, म्हणून नको असलेला कोड तसा झाकू नका.

रात्रीच्या कामात मेसेज बॉक्स? तो सकाळपर्यंत ओके दाबायची वाट बघत बसतो.

आणि नवं काम व्हीबीस्क्रिप्टमध्ये सुरूच करू नका. 2023 मध्ये मायक्रोसॉफ्टनं ती निवृत्तीच्या यादीत टाकली आहे. जुन्या फाइली मात्र मी अजून सांभाळतोय, पट्ट्या थांबत नाहीत ना.