मशरूम कोरल दगडावर टिकत नाही? आधी त्याला खडीवर बसवा

सुटा झालेला डिस्कोसोमा किंवा रिकॉर्डिया मशरूम (खाऱ्या पाण्याच्या टँकमधल्या मऊ, चपट्या कोरलचे प्रकार) थेट दगडावर चिकटवायचा प्रयत्न फुकट जातो. त्याच्या अंगावरच्या बुळबुळीत स्रावामुळे ग्लू धरतच नाही आणि मशरूम वाहत जाऊन पंपाच्या जाळीला चिकटतो.

१. दह्याच्या रिकाम्या डब्याला बाजूंनी भोकं पाडा, तळाशी हरभऱ्याएवढ्या सिरॅमिक मीडियाचा (फिल्टरमधले सच्छिद्र तुकडे) किंवा रीफ रॉकच्या (कोरल टँकमधल्या दगडाच्या) तुकड्यांचा २–३ सेंमी थर द्या.
२. मशरूम तोंड वर करून त्यावर ठेवा. वर मच्छरदाणीचा तुकडा, रबरबँड लावून. जाळी मशरूमला टेकता कामा नये, नाहीतर तो सोलवटतो.
३. डबा टँकच्या तळाशी, कमी प्रकाशात, मंद प्रवाहात ठेवा. अगदी बंदिस्त कोपरा मात्र नको, पाणी फिरलं पाहिजे.
४. साधारण एक-दोन आठवड्यांत तो एखाद्या खड्याला धरतो. मग तो खडा कोरडा पुसून सायनोअॅक्रिलेट जेलने (घट्ट सुपरग्लू) दगडावर लावा. पातळ ग्लू पाण्यात पसरतो, घेऊ नका.

मशरूम पांढरट होऊन विरघळू लागला, तर लगेच बाहेर काढा. कुजून तो टँकमधलं अमोनिया वाढवतो.